वेशीबाहेरची मंडळी

नगरच्या ख्रिस्ती घरात म्हातारं माणूस गोष्ट सांगायला बसलं की पहिल्यांदा वेस येते. वेशीच्या आत कोण राहायचं, बाहेर कोण, आडावर कुणाला घागर बुडवता यायची आणि कुणाला वरून कुणीतरी पाणी ओतेपर्यंत उभं राहावं लागायचं, हे सगळं सांगून झाल्याशिवाय गोष्ट मिशनपर्यंत पोचतच नाही. अहमद निजामशहाने १४९० साली वसवलेलं हे शहर. २०२४पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण घरातली माणसं अजून नुसतं नगर म्हणतात. दिल्ली दरवाजा उभा आहे, माळीवाड्याची वेस उभी आहे, आणि त्यांच्याखालून रिक्षा आणि टेम्पो दिवसभर वाहत असतात. माझी आजी त्या वेशीखालून जाताना पदर सावरायची. का, ते मी कधी विचारलं नाही. पण तिच्या गोष्टींमधून हळूहळू कळत गेलं.

चर्चचा इतिहास म्हटलं की इमारती, दगड, घंटा, कोनशिला डोळ्यांपुढे येतात. मिशनचे इंग्रजी अहवाल वाचले की स्थानक, साल, साहेबाचं नाव आणि बाप्तिस्म्यांचे आकडे मिळतात. घरातल्या म्हाताऱ्यांकडून मिळतो तो जागांचा इतिहास, आणि त्या जागा जवळजवळ सगळ्या गावकुसाबाहेरच्या आहेत: आंधळ्या-पांगळ्यांचं आश्रयस्थान, महारवाडा, दुष्काळातली अनाथ मुलांची वसतिगृहं, प्लेगची छावणी, भिंगारचा कॅम्प. आज सावेडी, तारकपूर, केडगाव, भिंगार अशा उपनगरांत फिरताना ज्या मंडळ्या दिसतात, त्यांची मुळं मला तिथे सापडतात. नगर शहर पुढे वाढत वाढत या बाहेरच्या जागांपर्यंत आलं. मंडळी तिथे आधीपासून होती.

डिसेंबर १८३१मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे तिघे जण मुंबईहून नगरला आले: ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हार्वी. अहवालात ही तीन नावं ठळक आहेत. आजी मात्र ही नावं कधी घ्यायची नाही. ती म्हणायची, "बाबाजी आले, आणि त्यांच्याबरोबर साहेब आले." हे बाबाजी म्हणजे बाबाजी रघुनाथ, ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. बाजारात बोलायचे तेच, लोकांशी वाद घालायचे तेच, कारण नव्याने आलेल्या साहेबांचं मराठी अजून चाचपडतच होतं. शहरात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारं एक आश्रयस्थान होतं. तिथे आंधळी, लंगडी, महारोगाने झडलेली, घरच्यांनी टाकलेली माणसं राहायची. बाबाजी त्यांना शिकवायला जात. १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत या आश्रयस्थानातली माणसं होती.

मला हे फार मोलाचं वाटतं. धर्मांतराबद्दल बोलताना लोक लाभाची भाषा करतात. त्या माणसांना कुणी काय देणार होतं? एक वेळचं अन्न त्यांना आधीच मिळत होतं. शेजारी बसून आपलं नाव विचारणारं कुणी मात्र मिळालेलं नव्हतं. हार्वी मे १८३२मध्येच पटकीने गेले, नगरला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढच्या वर्षी बाबाजीही गेले. रीड यांनी त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, ते १८३६ साली अमेरिकेत छापलं गेलं. आजीला ते पुस्तक असल्याचं ठाऊक नव्हतं. तिच्याकडे बाबाजी आले ते तिच्या आईकडून, आणि आईकडे ते वसतिगृहातल्या कुणा वयस्क बाईकडून. एवढ्या तोंडांतून फिरूनही नाव शाबूत राहिलं.

पुढची नावं आजी ओळीने घ्यायची. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक, दोघेही ब्राह्मण घरांतले, १८५४ साली दोघांनाही पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्यापुढे सतरंजीवर बसलेली मंडळी मात्र बहुतेक महारवाड्यातून आलेली. आजी इथे थांबायची आणि आवाज चढवून सांगायची, "विचार कर, ब्राह्मण पाळक आणि त्याच्या हातची भाकर महाराच्या तोंडात. प्याला एकच. त्याच प्याल्याला त्यानं ओठ लावायचा, त्याच प्याल्याला यानं." प्रभुभोजनाच्या त्या एका प्याल्यावरून किती घरांत किती दिवस जेवणं थांबली असतील, याचा हिशेब कुठल्याच अहवालात मिळायचा नाही. आजीच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घराण्यातला एक पूर्वज पहिल्या खेपेला प्याल्यापाशी आला आणि तसाच मागे फिरला. विटाळाच्या भीतीने तो मागे सरला, पण तो विटाळ आपला समोरच्याला होईल या भीतीने. त्याला परत आणायला पाळकच उठून दारापर्यंत गेले. ही गोष्ट खरी किती, हे मी सांगू शकत नाही. आमच्या घरात ती चार पिढ्या सांगितली जाते आहे, आणि सांगताना प्रत्येकाचा आवाज त्याच ठिकाणी चढतो.

नगरच्या बायकांना आणखी एका नावाचा अभिमान आहे, तो म्हणजे फरारबाईंचा. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या, १८३९पासून नगरला राहिल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. एकट्या, बिनलग्नाच्या. मुली शाळेत गेल्या तर नवरे मरतात असं मानणाऱ्या काळात त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरला नोकरीला होते, त्यामुळे जोतीरावांचं इथे येणं झालं आणि त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. ते शिकवणं आपल्याला आवडलं, पुण्याला परतल्यावर आपण मुलींची शाळा काढली आणि बायकोलाही शिकवलं, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. साल होतं १८४८. सावित्रीबाईही अध्यापनाचे धडे नगरलाच गिरवून गेल्या, असं आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या मास्तरणी ठासून सांगतात. आजी स्वतः मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. तिसरीच्या वर्गाला ती दरवर्षी ही गोष्ट सांगे, आणि वर्गात ख्रिस्ती मुलींपेक्षा मराठा, माळी आणि मुसलमान मुलीच जास्त असत.

१८४२च्या जूनमध्ये नगरला 'ज्ञानोदय' निघालं. संपादक हेन्री बॅलंटाईन. त्यांचं दुसरं काम मला अधिक जवळचं, ते म्हणजे मराठी गीतं. रविवारी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गाणारी मंडळी त्यांनी घडवली. पण त्या चाली नगरच्या कानाला परक्याच होत्या. १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी टाळ, चिपळ्या, मृदंग हाती घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेव्हा कुठे गाणं अंगी लागलं. पूर्वरंग, उत्तररंग, मधला गजर, सगळं हरिदासी थाटाचं, आणि आख्यान उधळ्या पुत्राचं. आत्या सांगते, तिच्या लहानपणी नगरच्या ऐक्याच्या, म्हणजे मंडळ्यांच्या संघाच्या, वार्षिक सभेला खेड्यापाड्यांतून बैलगाड्या यायच्या, रात्र रात्र कीर्तन चालायचं आणि गावातली हिंदू माणसंही मांडवाच्या कडेला घोंगडं टाकून बसायची. आख्यान संपलं की त्यातला एखादा म्हणायचा, "आमच्या पुंडलिकासारखंच की हे." कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आता जरा नगरपासून लांब, नेवाशाकडे जायला हवं. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस तिथे आहे. त्याच तालुक्यात वडाळा बहिरोबा आहे. तिथे १८५७ साली मिशनचं स्थानक झालं आणि सॅम्युअल फेअरबँक तिथे राहायला गेले. माझं आजोळ त्या बाजूचं. लहानपणी सुट्टीत गेले की शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांकडे बसायचं. त्यांच्या आजोबांनी फेअरबँक साहेबाबरोबर पायपीट केलेली. बाबा सांगायचे, "साहेब लई येगळा. घोड्यावरून चाललेला असला आन् बाभळीवर एखादं पाखरू वरडलं, की तिथंच उतरायचा. प्रार्थनेला लोक जमल्यात, अन् ह्यो बाभळीखाली उभा. मंग आज्यानं हाळी मारायची, साहेब, मंडळी खोळंबली." आज्याकडे एक पेटी सांभाळायचं काम असायचं. तिच्यात पाखरांची कातडी, आत मसाला भरून, प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी.

मला ती बाबांनी रंगवलेली गोष्ट वाटत असे. पुढे पक्ष्यांवरचं पुस्तक हाती आलं तेव्हा दिसलं, की पळणीच्या डोंगरांतल्या एका गाणाऱ्या पक्ष्याला पक्षिशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली फेअरबँक यांचंच नाव दिलं आहे आणि शास्त्रीय नावात ते आजही आहे. मिशनची कुटुंबं उन्हाळ्यात त्या डोंगरांत जात, तिथे त्यांना तो पक्षी मिळाला. पेटी उचलणाऱ्या आज्याचं नाव कुठल्या पक्ष्याला नाही. बाबा ते नाव घेताना प्रत्येक वेळी पुरतं घ्यायचे, बापाच्या नावासकट. ते खासगी घराचं म्हणून मी इथे देत नाही, पण माझ्या वहीत ते फेअरबँकच्या शेजारच्या ओळीवर आहे.

आमचं घर मात्र मंडळीत आलं ते दोन वाटांनी. प्याल्यापासून मागे फिरलेला पूर्वज आजोबांच्या बाजूचा. आजीच्या बाजूची वाट दुष्काळातून येते.

१८९९-१९००चा दुष्काळ. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी एक होऊन गेलेला, मध्ये प्लेग. नगर जिल्हा तसाही पर्जन्यछायेतला. पाऊस आला तर आला. त्या साली गुरं दावणीला मेली, माणसं खडी फोडायच्या कामांवर गेली, आणि रस्त्याच्या कडेला पोरं उरली. नगरच्या मिशनने अशी अनाथ मुलं मोठ्या संख्येने गोळा केली, वसतिगृहं उभारली, मुलग्यांना सुतारकाम, विणकाम, धातूकाम शिकवलं, मुलींना वाचणं, शिवण, स्वैपाक. माझी पणजी त्या मुलांतली एक.

तिची नोंद मी पाहिली आहे. एका मंडळीच्या कपाटात बाप्तिस्म्यांची जुनी नोंदवही आहे, लांबट, कातडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने कुरतडलेल्या. शाई आता तपकिरी झाली आहे. पानावर उभ्या रकान्यांची आखणी हाताने केलेली: अनुक्रम, नाव, आईबाप, गाव, वय, तारीख, पाळकाची सही. पणजीच्या ओळीत नाव आहे, ते वसतिगृहात मिळालेलं. वयाच्या रकान्यात 'अंदाजे ६'. आईबापांच्या रकान्यात 'दुष्काळात वारले'. गावाच्या रकान्यात काहीच नाही. त्याच पानावर तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीही तशाच. आईबापांच्या रकान्यात लिहिणाऱ्याने पहिल्या दोन नोंदींना शब्द पूर्ण लिहिले आहेत, पुढे खाली वरीलप्रमाणे अशा खुणा टाकत गेला आहे. पान उलटलं तरी त्या खुणा संपत नाहीत. पाळकसाहेब शेजारी उभे होते. म्हणाले, "ताई, फोटो काढून घ्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हे पान राहील की नाही, सांगता येत नाही."

पणजीला आपलं गाव आठवत नव्हतं. आठवत होती ती एक बारव, तिच्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर बसलेली आई. ही बारव कुठली, यावर आमच्या घरात अजून वाद होतात. आत्या म्हणते शेवगावकडची, काका म्हणायचे पाथर्डीची.

या मुलांबरोबर आणि पहिल्या पिढीतल्या सगळ्याच ख्रिस्ती माणसांबरोबर एक प्रश्न चर्चमध्ये आला. आपले आईबाप, आजेपणजे, ज्यांच्या कानावर येशूचं नावही पडलं नाही, ते मेल्यावर कुठे गेले? त्या काळचे कडवे उपदेशक त्याचं उत्तर फार कठोर देत. बारवेच्या पायरीवर उपाशी मेलेल्या बाईसाठी नरक, असं सहा वर्षांच्या पोरीला सांगायचं? नगरला ज्यांची हयात गेली ते रॉबर्ट ॲलन ह्यूम या प्रश्नापाशी त्या दुष्काळाच्या कितीतरी आधीच अडले होते. ते मुंबईत १८४७ साली जन्मलेले, मिशनऱ्याचे पुत्र. १८७४ साली भारतात परतले, १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली. १८८६ साली अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या एका सभेत त्यांनी बोलून दाखवलं, की ज्यांना या जन्मी ख्रिस्त कळला नाही त्यांना मरणानंतर तशी संधी मिळू शकेल, या विचाराने भारतातल्या पूर्वजांसाठी झुरणाऱ्या माणसांना दिलासा मिळतो. एवढ्यावरून मोठं वादळ उठलं. मिशनच्या मंडळाने त्यांना परत पाठवायचं अडवून धरलं. शेवटी १८८७मध्ये ते नगरला आले.

ह्यूम यांची कीर्ती पुढे पुष्कळ झाली. १८९३च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले, दुष्काळातल्या कामाबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. शहरातल्या ह्यूम मेमोरियल चर्चला त्याच घराण्याचं नाव आहे, आणि नाताळात ते पाहायला सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात. पण मला ह्यूमसाहेब मोठे वाटतात ते अँडोव्हरमुळे. नगरच्या सतरंजीवरून उठलेला प्रश्न त्यांनी आपल्या नोकरीच्या किमतीवर अमेरिकेत नेऊन मांडला. पणजीला हा वाद माहीत असणं शक्य नाही. तरी ती शेवटपर्यंत रोज रात्री प्रार्थनेत आईचं नाव घ्यायची, आणि तिला कुणी पाळकाने कधी अडवलं नाही.

दुष्काळाच्या पाठोपाठ प्लेगच्या आठवणी येतात, आणि त्यांच्याबरोबर टिळक. कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यानंतर ते नगरला आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगरच्या प्लेगच्या छावणीत दोघांनी रोग्यांची सेवा केली. ते सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे, आणि ज्याने ते वाचलं नाही त्याने नगरबद्दल काहीच वाचलं नाही, असं माझं मत आहे. सोवळ्यात वाढलेली एक ब्राह्मण बाई मनातली जात कशी एकेक पदर करून सोडते, हे इतक्या उघडपणे मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. पणजीने लक्ष्मीबाईंना लांबून पाहिलं होतं. तिच्या लक्षात एवढंच राहिलं, की ती बाई मोठ्याने हसायची. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले तेही नगरलाच. टिळकांची गीतं 'उपासना संगीता'त पानोपानी आहेत, आणि रविवारी ती गाणाऱ्या पोरांना ती कुणाची, हे बहुधा माहीत नसतं. ही गोष्ट मला खुपते. शब्बाथशाळेत बायबलमधली गावं पाठ करून घेतात. त्याबरोबर टिळक, लक्ष्मीबाई, सांगळे यांची घरं कुठे होती तेवढं तरी शिकवायला नको का?

भिंगारची गोष्ट निराळी. १८०३ साली वेलस्लीने किल्ला घेतल्यानंतर फौज आली, छावणी वसली, आणि तिच्याबरोबर गोऱ्या सैनिकांसाठी प्रार्थनास्थळं. प्रोटेस्टंटांची वेगळी, कॅथलिकांची वेगळी. शहरातल्या मराठी मंडळीचा आणि कॅम्पातल्या चर्चचा देव एक असला तरी बाकं एक नव्हती. आजोबा सुतार होते. मिशनच्या उद्योगशाळेत धंदा शिकलेले. डेव्हिड चर्चिल या मिशनऱ्याने तिथे सुधारलेला हातमाग बनवला, त्याचे किस्से ते सांगत. कॅम्पात ते बाकं दुरुस्त करायला जात. बाक बनवायचं, रंधा मारायचा, गुळगुळीत करायचं, आणि रविवारी त्यावर बसायचं मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर पहिल्या नाताळाला ते मुद्दाम घरच्या सगळ्यांना घेऊन कॅम्पात गेले आणि आपणच दुरुस्त केलेल्या पहिल्या बाकावर बसले. आत्या तेव्हा लहान होती. ती म्हणते, "पपांनी बसायच्या आधी बाकाखाली हात घालून सांधा चाचपला. मग बसले."

पहिल्या महायुद्धात याच नगरच्या छावणीत जर्मन नागरिकांना डांबून ठेवलं होतं, आणि त्यांत बासेल मिशनचे मिशनरीही होते. एका देशाचा मिशनरी तारेच्या आत, दुसऱ्या देशाचा बाहेर मोकळा. नगरच्या साध्या ख्रिस्ती माणसाला याचं काय वाटलं असेल, याचा मी अजून शोध घेते आहे.

शहरात तीन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. अँग्लिकनांचं सेंट सेव्हिअर्स, कॅथलिकांचं सेंट ॲन आणि मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल. अँग्लिकन मिशन नगरला १८७०च्या दशकात आलं, आणि त्याचं अमेरिकन मिशनशी सुरुवातीला फारसं जमत नसे. एकाच खेड्यातल्या एकाच महारवाड्यात दोघांच्या शाळा, दोघांचे शिक्षक. आमच्या नात्यात यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि दोन्ही प्रवाह एका छत्राखाली आले. पूर्वी अमेरिकन मिशनने सुरू केलेला दवाखाना १९३९मध्ये मुक्तिफौजेने चालवायला घेतला, तेच आजचं बूथ हॉस्पिटल. २०२०च्या करोनात नगरमध्ये कुठे जायचं हा प्रश्न पडला तेव्हा पुष्कळांची पावलं तिकडेच वळली. आत्याने टीव्हीवर ती बातमी पाहिली आणि म्हणाली, "प्लेगच्या वेळीही असंच म्हणे. बाकी सगळे दारं लावून बसले होते."

एक गोष्ट घरातली माणसं आवाज खाली करून सांगतात, ती मात्र मी मोठ्याने लिहिते. प्रभुभोजनाचा प्याला एक झाला, पण लग्नाच्या बोलणीत जात परत यायची. महारांतून आलेले, मांगांतून आलेले, ब्राह्मणांतून आलेले, प्रत्येकाला दुसऱ्याचं मूळ पाठ असायचं. आणि सरकारच्या लेखी उलटंच घडलं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. वेशीबाहेर राहिल्याचं दुःख आजोबांच्या घराण्याने जितकं भोगलं तितकंच त्यांच्या चुलतभावांनीही भोगलं. १९५६ साली ते चुलतभाऊ बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. आज एकाच आडनावाच्या दोन घरांत एकाच्या मुलांना अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्याच्या नाही. मला हा अन्याय वाटतो आणि तो दूर व्हायला हवा.

सावेडीकडे आता नव्या वसाहतींत नव्या मंडळ्या आहेत, काही भाड्याच्या हॉलमध्ये भरतात, कीबोर्ड आणि ड्रमवर गातात. जुन्या लोकांना ते रुचत नाही. आत्याचं मत वेगळं. ती म्हणते, टिळकांच्या चालीही त्या वेळच्या म्हाताऱ्यांना रुचल्या नसतील. तिची तक्रार दुसरीच आहे: कापणीच्या सणाला आता कुणी धान्य आणत नाही. पूर्वी बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी चर्चच्या पायरीशी ठेवायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एका डझन अंड्यांवर दोन वडीलजनांची चढाओढ लागून किंमत बकऱ्याच्या भावाला जायची, आणि सगळी मंडळी टाळ्या वाजवायची. आता पाकिटातून पैसे येतात.

आजीच्या गोष्टींत सर्वांत आनंदाची गोष्ट सिनेमाची. १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' आला. ज्ञानेश्वर झाला होता शाहू मोडक, नगरला १९१८मध्ये ख्रिस्ती घरात जन्मलेला. त्याआधी तो 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाला होता. आजी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली. पुढच्या रांगेतली वारकरी माणसं पडद्यावर ज्ञानेश्वर आले की हात जोडत होती. आजीच्या एका मैत्रिणीने त्यांना सांगितलं, "बाबा, तो आमच्या चर्चमधला पोरगा आहे." त्यांतला एक म्हातारा वळून म्हणाला, "आसंल की. माउलीला बी गावानं वाळीतच टाकलं व्हतं."

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. मी तिच्याकडे जाते, फोन मध्ये ठेवून तिचं बोलणं साठवून घेते. नोंदवहीच्या पानांचे फोटो तिला मोठे करून दाखवते. चष्मा कपाळावर चढवून ती एकेक नाव वाचते आणि कोणाचं घर पुढे कुठे गेलं ते सांगते: हे पुण्याला, हे ठाण्याला, यांचं इथेच बालिकाश्रम रोडला. वीसेक घरांचा माग तिच्यामुळे लागला. गेल्या खेपेला तिने भिंगारमधल्या एका बाईंचा पत्ता दिला. त्यांचे आजोबा जर्मन कैद्यांच्या छावणीत भाजी पोचवायचे, आणि कोण कैदी प्रार्थना कशी करायचा हे ते घरी सांगायचे म्हणे. बाईंना दुपारी झोप लागते, सकाळी दहाच्या आत गेलं पाहिजे, असं आत्याने बजावून सांगितलंय. येत्या गुरुवारी जाते आहे.